आठ दिवसांचा कॅमेरा

नवरात्र अर्ध्यावर आलं की आमच्याकडचा उजेड बदलतो. चार महिने ढगांतून गाळून येणारा मिणमिणता प्रकाश कुणीतरी एका सकाळी उचलून नेतो आणि त्या जागी खरा, कडक उजेड आणून ठेवतो. माथेरानचा डोंगर चार पावलं पुढे सरकल्यासारखा वाटतो, त्याच्या अंगावरच्या घळी एकेक मोजता येतात. आधी पिकणारं हळवं भात पिवळं झालेलं असतं, उशिराचं गरवं अजून हिरवं, आणि मधल्या बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे वाऱ्यावर डोलत असतात. दुपारी ऊन पाठीला चावतं, पहाटे मात्र पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावी लागते. हे पंधरा-वीस दिवस मला आवडतात असं सगळे समजतात. खरं सांगायचं तर या दिवसांत मला वस्तू नीट दिसतात, एवढंच.

माझं कामच ते आहे. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं तपासणी खात्यात आहे. लोखंडाचे छोटे छोटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी ते मापतो, उजेडाकडे धरतो, बोट फिरवतो आणि तीनपैकी एका ट्रेमध्ये टाकतो. पास, नापास, दुरुस्ती. ज्यानं तो भाग घडवला त्याचा चेहरा मला दिसत नाही आणि तो दिसू नये अशीच तिथली रचना आहे. या सवयीचे काही तोटे असतात हे माझ्या बायकोनं मला अनेकदा सांगितलं आहे. मी भाजीवाल्याच्या टोपलीसमोर उभा राहिलो की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

गेल्या रविवारी माझी भाची तन्वी आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण सुली, दहिवलीहून आमच्या भिसेगावच्या घरी आल्या. तन्वी नववीत आहे. तिच्या हातात एक खोका होता, खोक्यात साबणाच्या वडीएवढा गुलाबी कॅमेरा. ऑनलाइन मागवलेला, अगदी स्वस्तातला.

"मामा, हा ठेवू की रिटर्न करू? दहा दिवसांत सांगायचंय."

मी चष्मा बदलला. कॅमेरा हातात घेऊन हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. खोक्यावर छापलेले आकडे त्या भिंगाच्या ऐपतीच्या बाहेरचे होते. मी खिडकीचा एक फोटो काढला, पडद्याचा एक काढला, तन्वीचा एक काढला. तिच्या कानाच्या जागी एक तांबूस ठिपका आला होता.

"तुझ्या आईच्या फोनमध्ये याच्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आहे," मी म्हटलं.

"तेच तर ना मामा! फोनसारखे नकोच आहेत. जरा बिघडलेले हवेत, जुन्यासारखे. आमच्या वर्गात सगळ्यांना आवडतात तसे."

"परत कर," मी म्हटलं. "हे खेळणं आहे."

"ओके. थँक्यू मामा," असं म्हणून तिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला, त्याची दोरी मनगटात अडकवली आणि बाल्कनीत जाताना सांगितलं, "पण ठेवतेय हां."

सुली जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. ती हसली. मला राग आला नाही, नवल मात्र वाटलं. मी नापास केलेली वस्तू घरात कुणी ठेवून घेतल्याचं मला आठवेना. आणि मग आठवलं ते भलतंच. सतरा वर्षांपूर्वीची हीच दिवसांची रांग, हाच उजेड, आणि सुलीनं आठ दिवसांसाठी घरी आणलेला कॅमेरा.

तेव्हा आम्ही पळसदरीच्या अलीकडे, गावात राहत होतो. बाबा होते, आई होती. मी अठ्ठावीसचा, नोकरीत मुरलेला, लग्न व्हायचं होतं. सुली बावीसची. बारावीनंतर घरी बसून ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. पायानं चालवायचं मशीन होतं, त्याची खटखट सकाळी दहाला सुरू व्हायची आणि आईनं जेवायला हाक मारली की थांबायची. त्या वर्षी तिसऱ्या माळेला ती कर्जतच्या बाजारात दोरे आणायला गेली आणि दोऱ्यांबरोबर डिजिटल कॅमेरा घेऊन आली. चंदेरी रंगाचा, पुढे सरकतं झाकण, मागे काडेपेटीएवढा पडदा. घड्याळं-कॅलक्युलेटरच्या दुकानात सगळ्यांत स्वस्त जो होता तो. दुकानदार बाबांच्या ओळखीचा, म्हणून तोंडी बोलीवर दिलेला. आठ दिवस वापरून बघा, नाही पटला तर आणून द्या, पैसे परत.

मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

कॅमेरा कशाला हवा ते तिनं जेवताना सांगितलं. आमच्या आळीतली वंदा, सुलीची मैत्रीण, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिचं डोहाळजेवण दसऱ्यानंतरच्या आठवड्यात व्हायचं होतं. फोटो काढायला कर्जतचा फोटोग्राफर येणार होता.

"बाप्या मानूस आला की बायका पदर घट्ट करून बसतात," सुली म्हणाली. "वंदीची सासू तर म्हनते, फोटो नको पण तो मानूस नको. मी काढले तर? वंदी म्हनली, तूच काढ. मग बारशाचे काढीन. आपल्या गावात, पलीकडच्या वाडीत, किती बारशी होतात दादा. कोन काढतं त्यांचे?"

बाबा भात कालवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात कुठल्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द माझा असायचा. मिक्सर, पंप, सायकल, सगळं माझ्या हातून पास होऊन आत यायचं. सुलीनंही कॅमेरा माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"दादा, बघ ना. ठेवू का?"

हा प्रश्न मी पुढे कितीतरी वेळा आठवून बघितला आहे. तेव्हा मला त्यात एकच गोष्ट ऐकू आली. माझ्या टेबलावर एक नग आला होता.

मी त्याची रीतसर तपासणी केली. आज हसू येतं, पण तेव्हा मी त्यासाठी वहीचं एक पान आखलं होतं. दाराच्या चौकटीचा फोटो काढला, उभ्या कडा बाहेर फुगलेल्या आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचा काढला, तिथीची बारीक अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी दिसली. डोंगराच्या माथ्याला सगळीकडून एक जांभळी किनार आली. संध्याकाळी घरात काढलेला प्रत्येक फोटो दाणेदार. पेन्सिल सेल दीड दिवसात संपले. आणि सगळ्यांत मोठा दोष, तो शोधायला मी भिंतीवरच्या घड्याळाची मदत घेतली. सेकंदकाटा बारावर आला की बटण दाबायचं. फोटोत काटा एक घर पुढे असायचा, कधी दोन घरं. म्हणजे बटण आत्ता दाबलं तरी फोटो मागाहून निघायचा. त्या कॅमेऱ्याला हवा तो क्षण कधीच सापडणार नव्हता. मी वहीत त्याच्यापुढे लाल पेनानं फुली केली.

सुलीला मी हे समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मग मशीनवरून उठली की कॅमेरा घेऊन बाहेर जायची.

रात्रीच्या जेवणाआधी ती दिवसभराचे फोटो मला दाखवायची आणि मी त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर ते तपासायचो. ते सगळे फोटो मला आठवतात. ती बढाई नव्हे. जी वस्तू दोष शोधायला बघितली जाते ती फार बारकाईनं बघितली जाते, आणि बारकाईनं बघितलेलं लवकर पुसलं जात नाही. तिसाच्या वर फोटो होते. कार्ड वेगळं विकत घ्यावं लागणार होतं, ते घेतलं नव्हतं, त्यामुळे सगळे कॅमेऱ्याच्याच पोटात होते.

एक बगळ्याचा होता. म्हणजे बगळा त्यात नव्हता. सुलीनं बटण दाबलं तेव्हा तो हळव्या भाताच्या कडेला उभा होता, फोटो निघाला तेव्हा तो उडाला होता. उरलं होतं ते पाणी, त्यावर त्याच्या पायानं उठलेली वर्तुळं, आणि एका बाजूला वाकलेल्या चार लोंब्या. मी लिहिलं, विषय चौकटीबाहेर.

एक घाटात चढणाऱ्या मालगाडीचा होता. मागून ढकलायला कर्जतला इंजिनं लावतात, ती तेवढीच आली होती, गाडी पुढे निघून गेलेली.

आईचे तर सगळेच फसलेले. आई एका जागी उभी राहील तर ना. एकात ती तुळशीपाशी होती असं सुलीचं म्हणणं, फोटोत नुसता पदराचा शेव आणि ओली पावलं. एकात ती पाटावर तांदूळ पाखडत होती, सूप वर उडालेलं आणि चेहऱ्याच्या जागी कोंड्याचा धूर.

बाबांचा एक होता, पाठमोरा. गरव्याच्या बांधावरून ते पुढे चालले होते, खांद्यावर फावडं, एक पाय चिखलातून निघत असलेला. सुली त्यांना हाक मारून वळवणार होती, तेवढ्यात बटण दाबलं गेलं. मी लिहिलं, क्षितिज तिरकं. बाबांनी तो फोटो मागितला. पडदा डोळ्यांपासून लांब धरून पुष्कळ वेळ बघितला.

"ही पाठ माजी हाय?"

"तुमचीच बाबा," सुली म्हणाली.

"येवढी वाकली कवा?" बाबा म्हणाले आणि कॅमेरा परत दिला. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. त्यांच्या हयातीत ती त्यांना त्या एकाच संध्याकाळी दिसली. मी त्या वेळी क्षितिजाबद्दल काहीतरी बोललो.

वंदाचे तीन-चार होते. ती ओसरीवर पाय सोडून बसली होती, हातात चिंच. फोटो काढायचा म्हणून तिनं आधी मान ताठ केली असणार, ओठ मिटले असणार, पोटावरून पदर नीट घेतला असणार. सगळे तसंच करतात. बटण दाबल्याचा आवाज झाला, वंदाला वाटलं झालं एकदाचं, आणि तिनं श्वास सोडला. पदर घसरला, एक हात आपोआप पोटाखाली गेला, ती सुलीला काहीतरी चावट बोलली आणि हसली. फोटो निघाला तो तेव्हा.

त्या कॅमेऱ्यातली सगळी माणसं तशीच होती. फोटो संपला असं समजून सैल झालेली. कुणी नाक खाजवत होतं, कुणी दुसऱ्याकडे बघून भुवया उडवत होतं, शेजारचे काका ढेरी पुन्हा जागेवर सोडत होते. मी प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं, उशीर. त्या वहीत उशीर हा शब्द अकरा-बारा वेळा तरी आला होता. मला तेव्हा हे दिसत होतं आणि कळत नव्हतं, की आमच्या घरात लग्नांचे जे दोन आल्बम होते त्यांत एकही माणूस असा नव्हता. तिथे सगळे श्वास रोखून उभे होते, आजही आहेत.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. पडवीत पाट मांडायचा, त्यावर घरातली सगळी कामाची साधनं धुऊनपुसून ठेवायची. विळे, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, फावडं, आईची विळी आणि उलथनं. सुलीच्या मशीनला जागेवरच हार. माझा मापाचा व्हर्नियर मी कारखान्यातून दोन दिवस घरी आणायचो, तोही कोयत्याच्या शेजारी पहुडायचा. या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. वर्षभर ती माणसांसाठी झिजतात, एक दिवस माणसं त्यांच्या पाया पडतात. यात श्रद्धेचा भाग किती आणि शिष्टाचाराचा किती हे मला सांगता येणार नाही. पण ज्या वस्तूला त्या पाटावर जागा मिळाली ती घरची झाली, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. घरच्या वस्तूला मग कुणी नावं ठेवत नाही, विकायचंही मनात आणत नाही. बिघडली तर दुरुस्त करतात.

मी पहिल्या पाळीला गेलो होतो. दुपारी परत आलो तेव्हा पूजा झालेली होती. पाटावर व्हर्नियर आणि कात्री यांच्या मधोमध कॅमेरा होता. झाकण सरकवून उघडलेलं, बरोबर भिंगाच्या मध्यावर हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल.

"हा कुणी ठेवला?"

"मीच ठेवला," आई म्हणाली. "सुलीच्या कामाचा हाय ना? मग? याला कपाळ कुटं हाय तेच आधी कळना. मग ती बोलली झाकण सरकव, आत डोळा हाय. डोळ्याला लावलं."

सुली माझ्याकडे बघत नव्हती. ती आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होती, पण तिचे कान माझ्याकडे होते. मी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कशाला, असा विचार मी केला. आणि माझ्या त्या गप्प राहण्याचा तिनं अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिनं त्या आठ दिवसांतले सर्वांत जास्त फोटो काढले. भिंगावर कुंकवाचा अंश राहिला होता, म्हणून सगळ्या चित्रांच्या मध्यभागी एक तांबडं धुकं होतं. तरी ती काढतच होती. दाराला बांधलेल्या नव्या भाताच्या लोंब्या, आपट्याची पानं वाटत फिरणारी पोरं, सोनं देताना एकमेकांच्या पाया पडायला एकाच वेळी वाकलेल्या आणि डोकी आपटलेल्या दोन म्हाताऱ्या. डोकी आपटल्यानंतरचं हसू त्यात आलं होतं. संध्याकाळी तिनं नेहमीसारखा कॅमेरा माझ्यापुढे धरला नाही. तिनं तो आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. मी ते बघितलं. ती गुणगुणत भांडी घासत होती, आणि मी ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा विचार करत होतो. तिला त्याच रात्री सांगायला हवं होतं. मला तिच्या गुणगुणण्यात व्यत्यय आणवेना, असं मी स्वतःला सांगितलं. धीर झाला नाही हे जास्त खरं आहे.

सकाळी मी कपाटातून कॅमेरा काढला, दसऱ्याचे फोटो तेव्हाच बघितले, आणि कापसाचा बोळा ओला करून भिंग पुसायला बसलो.

"काय करतोस रं?" आईनं विचारलं.

"आज शेवटचा दिवस आहे. परत द्यायचाय."

"पूजलेली वस्तू परत देतात व्हय?"

"आई, तो चांगला नाही. बटण दाबल्यावर फोटो यायला उशीर लागतो. लोकांच्या डोहाळजेवणाचे फोटो बिघडले तर सुलीचंच नाव जाईल."

हे खरं होतं. यातलं काहीही मी आजही मागे घेऊ शकत नाही. सुली मशीनवर बसलेली होती. मी तिला म्हटलं, "त्यापेक्षा तुझ्या मशीनला मोटर बसवू. पायाचे श्रम वाचतील. दुप्पट ब्लाऊज निघतील."

"बरं," ती म्हणाली.

"तुला पटतंय ना?"

"तू बघितलंस ना दादा. मग बरं." आणि मशीनची खटखट सुरू झाली.

आई मात्र माझ्याशी दिवसभर बोलली नाही. बाबा नेहमीप्रमाणे शेतावर निघून गेले.

दुकानदारानं कॅमेरा उलटसुलट करून बघितला. बटणाच्या फटीत हळद राहिली होती. त्यानं नखानं ती काढली आणि नखाकडे बघितलं.

"पूजा झालेली दिसते."

"आईनं चुकून ठेवला पाटावर."

"असा परत घ्यायला मलाच कसंतरी वाटतं," तो म्हणाला. पण शब्दाचा माणूस होता. खोका काढला, वायर मोजून घेतली, बॅटरीचं झाकण बघितलं. मग कॅमेरा सुरू करून म्हणाला, "आत फोटो आहेत. काढून टाकू ना हे?"

मी हो म्हटलं. पडद्यावर एक छोटीशी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि भरली. दोन घरं, तीन घरं, झालं. नापास मालाचा नमुना कुणी ठेवून घेत नाही. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीही आलं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

मोटर त्याच आठवड्यात बसवली. ती अजून चालते. सुलीनं ती मशीनसकट सासरी नेली, दहिवलीला तिचं शिवणाचं चांगलं चालतं, दिवाळीआधी तर पंधरा दिवस ती नवं काम घेत नाही. वंदाच्या डोहाळजेवणाला कर्जतचा फोटोग्राफर आला. बायका पदर घट्ट करून बसल्या. सुलीनं वंदासाठी फुलांचे दागिने केले, धनुष्यबाण केला, हिरव्या चोळीला मोटरवर शिलाई मारली. त्या आल्बममध्ये वंदा मान ताठ करून, ओठ मिटून, खुर्चीत बसलेली आहे. फोटो उत्तम आहेत. कडा सरळ, रंग खरे, कुठेही दाणे नाहीत.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आईला चार. दोघांचे फोटो माझ्या हॉलमध्ये आहेत. बाबांचा रेशनकार्डासाठी काढलेल्या फोटोवरून मोठा केलेला आहे. त्यात ते कुणाकडेच बघत नाहीत. दर वर्षी भात पिवळं पडायला लागलं, उजेड कडक झाला, की मला कुणी न विचारता तो बांध दिसतो. तिरकं क्षितिज, खांद्यावर फावडं, चिखलातून अर्धा वर आलेला पाय आणि ती पाठ. मी क्षितिज सरळ करून बघायचा प्रयत्न केला आहे. तसं केलं की बाबा दिसेनासे होतात.

या सगळ्याला पश्चात्ताप म्हणावं का, मला ठाऊक नाही. कॅमेरा वाईटच होता. दोन वर्षांत असले कॅमेरे सगळ्यांच्या घरी अडगळीत गेले, चार वर्षांत फोन आले. आज ती बारशी, ती डोहाळजेवणं, सगळी बायकांच्याच फोनमध्ये आहेत. माझ्या वहीतलं एकही विधान काळानं खोटं ठरवलेलं नाही. उलट हल्ली तन्वीच्या वयाची मुलं मुद्दाम शोधून, पैसे मोजून तसले बिघडलेले फोटो मिळवतात, तेव्हा मला वाटतं, जगात तपासणी खात्याची गरज संपत चालली आहे. ते एका परीनं बरंही असेल.

तर गेल्या रविवारी तन्वी बाल्कनीत कबुतरांमागे लागली होती. सुलीची मेथी निवडून होत आली होती. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मी समोर खुर्चीत बसलो होतो. सतरा वर्षांत जे विचारलं नाही ते विचारायला मला सुचावं याला कारण बहुधा तिचं मघाचं हसणं.

"सुले, तुला आपला तो कॅमेरा आठवतो का गं? दसऱ्याचा?"

"आठवतो की." तिनं मान वर केली नाही. "दिवाळीपरेंत होता."

"कुठे होता?"

"दुकानात. काचेच्या कपाटात, वरनं दुसऱ्या फळीवर. मी दोरे आणायला जायचे ना, तेव्हा बघून यायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी. एकदा तर दोरे होते घरात, तरी गेले." ती हसली. "त्या दुकानदारानं वळखलं मला. एक दिवस आपनहून बोलला, ताई, घेऊन जा पायजे तर, पैसे सवडीनं द्या. पूजलेला हाय तुमचा, मला विकायला बरं नाय वाटत."

बाल्कनीतून तन्वीच्या कॅमेऱ्याचा बारीक आवाज आला, खोटा, मोठ्या कॅमेऱ्याची नक्कल केलेला.

"मग?"

"मी बोलले, दादाला इचारून सांगते."

"मला नाही विचारलंस."

"नाय इचारलं."

"का गं?"

तिनं पेपरच्या चारी कडा उचलून देठ मध्यावर गोळा केले. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत तक्रार शोधूनही सापडत नव्हती. मी शोधत होतो, ती माझी सवयच आहे.

"तू बरोबरच सांगितलं असतंस," ती म्हणाली.

ती हे रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला समजावत होती, अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून.